अंबड ते ड्युइसबुर्ग: पहिला कंटेनर पाठवणाऱ्यांसाठी

नाशिकमधले अंबड-सातपूरचे कारखाने असोत, पिंपळगाव-दिंडोरीची पॅक हाऊसेस असोत की लासलगावची कांद्याची खळी, निर्यातीत नव्याने उतरणारा माणूस पहिला प्रश्न भाड्याचा विचारतो. जर्मनीला वीस फुटी कंटेनर कितीला जातो? प्रश्न रास्त आहे, पण त्याची पाळी चौथी-पाचवी. त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी. तुमचा माल एका गाडीत बसून थेट खरेदीदाराच्या दारात उतरत नाही. ट्रेलर, बंदरातली क्रेन, जहाज, परदेशातले बंदर, तिथून रेल्वे किंवा नदीतला बार्ज आणि शेवटी पुन्हा ट्रक, एवढे हात त्याला लागतात. वाटेवर धावताना माल क्वचितच बिघडतो. तो बिघडतो, अडतो, हरवतो ते हात बदलताना, आणि पैसाही तिथेच गळतो.

म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर तीन गोष्टी विचारत चला: आत्ता माल कोणाच्या ताब्यात आहे, नुकसान झाले तर ते कोणाच्या अंगावर येईल, आणि ताबा दिल्याचा कोणता कागद माझ्या हातात आला.

उदाहरण एकच धरू. समजा अंबडला तुमचा छोटा कारखाना आहे, स्टीलचे मशीन केलेले सुटे भाग तुम्ही बनवता आणि जर्मनीतल्या ड्युइसबुर्गहून ऑर्डर आली आहे. ड्युइसबुर्ग समुद्रावर नाही, राइन नदीवर आहे. नदीवरचे ते फार मोठे बंदर. म्हणजे माल अंबडहून रस्त्याने न्हावा शेवा, तिथून समुद्राने नेदरलँड्समधले रॉटरडॅम आणि तिथून बार्जने किंवा रेल्वेने आत जाणार. द्राक्ष, कांदा जिथे वेगळा वागतो तिथे तेही सांगतो, कारण नाशिकमध्ये त्यांच्याशिवाय निर्यातीची गोष्ट पुरी होत नाही.

पायरी पहिली: नोंदण्या

हे काम कंटाळवाणे आहे, पण अवघड नाही. आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावर ५०० रुपये शुल्कात मिळतो आणि तो तुमच्या पॅनशीच जोडलेला असतो. दर वर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती तपासून कायम करावी लागते. बदल काहीच नसला तरी. विसरलात तर कोड निष्क्रिय होतो, आणि ते नेमके माल निघण्याच्या दिवशी कळते. बँकेकडून एडी कोड, म्हणजे परकीय चलन घेणाऱ्या तुमच्या शाखेचा क्रमांक, घ्या आणि ज्या बंदरातून माल जाणार त्या बंदरासाठी तो आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या ऑनलाइन पोर्टलवर, नोंदवा. जीएसटी न भरता निर्यात करायची तर एलयूटी, म्हणजे हमीपत्र, द्यावे लागते, तेही दर आर्थिक वर्षी नवे. इंजिनिअरिंग मालाला ईईपीसी या निर्यात परिषदेची आणि फळे-भाजीपाल्याला अपेडा या सरकारी संस्थेची नोंदणी घ्या.

द्राक्षाची गोष्ट निराळी. युरोपला जायचे तर आधी बागेचीच नोंदणी लागते, अपेडाच्या ग्रेपनेट व्यवस्थेत. त्या बागेचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय पुढचे पान उलटत नाही. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेबाहेर सापडले आणि तिकडे पोचलेला माल अडकला. त्या हंगामाचा फटका ज्यांनी खाल्ला ते बागायतदार आजही फवारणीची वही जिवापाड जपतात.

पायरी दुसरी: मालाचा कोड आणि आजचे धोरण

प्रत्येक वस्तूला आठ अंकी एचएस कोड असतो. ताजे द्राक्ष ०८०६१०००, वाळवलेला कांदा ०७१२२०००, असे. कर, परतावे, परवानग्या, समोरच्या देशातले आयात शुल्क हे सारे या कोडवर ठरते. शेजारच्या कारखानदाराचा कोड उचलू नका. आपल्या सीएचएसोबत, म्हणजे कस्टम्सचे काम करणाऱ्या एजंटसोबत, बसून स्वतःचा ठरवा. पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, तेवढे खरेदीदाराशी आधीच जुळवून घ्या.

सुट्या भागांचे धोरण सहसा रातोरात बदलत नाही. कांद्याचे बदलते. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आली, ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ ला ती उघडली ती ५५० डॉलर किमान किंमत आणि ४० टक्के शुल्कासह. सप्टेंबरमध्ये किमान किंमत गेली, शुल्क २० टक्क्यांवर आले. आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. कांद्याचा सौदा करणाऱ्याने त्यात स्पष्ट लिहून घ्यावे की सरकारने शुल्क लावले किंवा बंदी घातली तर तो बोजा कोणाचा. हे एक वाक्य नसल्यामुळे माल रस्त्यात आणि भांडण फोनवर, अशी अवस्था लासलगाव-पिंपळगाव पट्ट्याने पाहिली आहे.

पायरी तिसरी: सौद्यातली तीन अक्षरे

इथे घाई करू नका. एफओबी, सीआयएफ, एफसीए ही अक्षरे म्हणजे इनकोटर्म्स, आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या ठरावीक अटी. २०२० च्या आवृत्तीत त्या ११ आहेत. खर्च कुठपर्यंत कोणाचा आणि जोखीम कुठे हस्तांतरित होते, हे दोन्ही त्या ठरवतात, आणि ही दोन ठिकाणे वेगळी असू शकतात. सीआयएफ रॉटरडॅममध्ये भाडे आणि विमा तुम्ही रॉटरडॅमपर्यंत भरता, पण माल न्हावा शेव्याला जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची. बरेच नवे निर्यातदार सीआयएफ म्हटले की रॉटरडॅमला पोचेपर्यंत सगळे आपल्याच गळ्यात, असे समजून घाबरतात.

आपल्याकडे सवयीने प्रत्येक जण एफओबी लिहितो, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी विक्रेत्याची. ही अट जुन्या सुट्या मालासाठी ठीक होती, जेव्हा पोती थेट जहाजाच्या कडेला जात. कंटेनरचे तसे नसते. तुम्ही तो टर्मिनलच्या गेटवर देता, तिथे तो एक-दोन दिवस यार्डात उभा राहतो आणि मग चढतो. त्या दोन दिवसांत काही झाले तर एफओबीत नुकसान तुमचे, कारण माल अजून जहाजावर नाही. आणि कंटेनरला हात लावण्याचा अधिकार मात्र तुम्हाला उरलेला नसतो. कंटेनरसाठी एफसीए जास्त न्याय्य. ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तुमची जोखीम संपली. आपल्या उदाहरणात ते ठिकाण अंबडचा कारखाना असेल, तर खरेदीदाराच्या गाडीत माल चढवून दिला की तुम्ही मोकळे. बँकेला जहाजावर चढल्याची नोंद असलेले बीएल (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे वाहतूकदाराने माल घेतल्याची पावती) हवे असेल, तर एफसीएमध्ये तीही सोय २०२० पासून लिहून ठेवता येते.

ईएक्सडब्ल्यू, म्हणजे ‘दारातून घेऊन जा’, ही अट दिसायला सर्वात सोपी आणि नवख्याला सर्वात जाचक. तिच्यात निर्यातीची कस्टम्स खरेदीदाराने करायची असते. जर्मनीतला माणूस इथले शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सचा अर्ज, कसे भरणार? आणि ते बिल तुमच्या नावाने नीट झाले नाही तर जीएसटीचा पुरावा तुम्ही कुठून आणणार? त्या वाटेला जाऊ नका.

अक्षरांच्या पुढे ठिकाणाचे नाव पूर्ण लिहा. ‘एफसीए नाशिक’ पुरेसे नाही. एमआयडीसीतला प्लॉट, गेट, सगळे.

पायरी चौथी: वाट निवडणे

पूर्ण कंटेनर भरत असेल तर एफसीएल, नसेल तर एलसीएल, म्हणजे इतरांच्या मालासोबत. एलसीएलचे भाडे घनमीटरवर किंवा टनावर, जे जास्त भरेल त्यावर लागते. स्टीलचे भाग जड, त्यामुळे तिथे वजन बोलते. माझे मत विचाराल तर अर्ध्याहून अधिक कंटेनर भरत असेल तेव्हा पूर्ण कंटेनरचा भावही मागवून दोन्ही शेजारी ठेवून पाहा. एलसीएलमध्ये माल शेव्याच्या सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामात, उतरतो, दुसऱ्यांच्या पेट्यांसोबत भरला जातो आणि पलीकडे पुन्हा सुटा होतो. तेवढे जास्तीचे हात.

विमानाचा हिशेब वेगळा. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचे. येते ते आकारमानी वजन. ६० × ५० × ४० ची पेटी प्रत्यक्षात १२ किलोची असली तरी भाडे २० किलोचे लागते. ओझरला एचएएलच्या विमानतळावर कार्गोची सोय आहे, तरी नाशिकच्या बहुतेक नियमित हवाई खेपा मुंबईच्या सहार कार्गोतूनच जातात. नमुने, तातडीचे सुटे भाग, थोडा आणि महाग माल, एवढ्यांसाठी विमान.

बांगलादेशला कांदा ट्रकने पेट्रापोल-बेनापोलसारख्या सीमानाक्यांवरून जातो, तिथे जहाजाचा संबंधच येत नाही. सीमेवर रांगेत उभ्या ट्रकमधला कांदा मात्र दर दिवशी वजन हरवतो, म्हणून तिथे भाडे ठरवतानाच थांबण्याचा आकार ठरवून घ्या.

युरोपच्या समुद्री वाटेबद्दल इतके लक्षात असू द्या: नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा मोठ्या लाइन्सनी, म्हणजे जहाज कंपन्यांनी, सुएझ सोडून आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला वळसा घातला. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. सुट्या भागांना त्याचे फारसे काही नाही. द्राक्षाच्या शेल्फवरच्या आयुष्यातून मात्र ते दिवस वजा होतात. भाव मागताना ‘कोणत्या वाटेने, किती दिवस, मध्ये कुठे जहाज बदलणार’ हे तिन्ही लेखी मागा. मधल्या बंदरात जहाज बदलणे म्हणजे आणखी एकदा हात बदलणे. थोडे महाग पडले तरी पहिल्या खेपेला मी थेट जहाजच सुचवतो.

पायरी पाचवी: कोणाच्या हाती सोपवायचे

सीएचए कस्टम्सचे काम करतो. त्याच्याकडे कस्टम्स ब्रोकरचा परवाना असतो. फॉरवर्डर वाहतूक जुळवतो. शिपिंग लाइनकडे जहाज असते. नाशिकमध्ये अनेकदा एकच कार्यालय पहिली दोन्ही कामे करते, आणि ते सोयीचेही असते. पण त्यांना एक प्रश्न विचारा: तुम्ही माझे एजंट म्हणून काम करणार, की स्वतः वाहतूकदार म्हणून अंबडपासून ड्युइसबुर्गपर्यंतची जबाबदारी घेणार?

या प्रश्नामागे कायदा आहे. १९९३ च्या बहुविध वाहतूक कायद्यानुसार नौवहन महासंचालकांकडे नोंदलेला ऑपरेटर, ज्याला सगळे एमटीओ म्हणतात, तो एकाच करारात दोन किंवा अधिक साधनांनी भारतातून परदेशापर्यंत माल नेतो आणि त्याचा एकच कागद देतो, एमटीडी. माल कसाऱ्याच्या घाटात खराब झाला की राइनवर, हे शोधत बसायची वेळ तुमच्यावर येत नाही. तुम्ही एमटीओला धरता, तो पुढच्यांना. तसा करार नसेल तर ट्रेलरवाला लाइनकडे बोट दाखवतो, लाइन बार्जवाल्याकडे, आणि तुम्ही मध्ये उभे.

याच कायद्यातली एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. मालाची किंमत कागदावर जाहीर केलेली नसेल तर भरपाईला कमाल मर्यादा आहे: किलोमागे २ एसडीआर किंवा नगामागे ६६६.६७ एसडीआर, यांतले जे जास्त ते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी चलन. आता नग म्हणजे काय? एमटीडीवर फक्त ‘१ कंटेनर’ लिहिले तर नग एक. ‘१ कंटेनर, त्यात ४८० कार्टन’ लिहिले तर नग ४८०. तुमचे २५ किलोचे कार्टन वजनाने मोजले तर ५० एसडीआरचे, नग म्हणून मोजले तर ६६६.६७ चे. पूर्ण खेप गेली तर वजनाने मर्यादा २४ हजार एसडीआर, नगांनी ३ लाख २० हजार. कागदावर कार्टनची संख्या लिहून घ्यायला काही खर्च येत नाही. ती लिहून घ्याच.

भावपत्रक मागताना एकरकमी आकडा स्वीकारू नका. अंबड ते शेवा ट्रेलर, टर्मिनल हँडलिंग, बीएल शुल्क, सील, समुद्री भाडे, इंधन अधिभार, रॉटरडॅमचे हँडलिंग, पुढचा बार्ज, हे सुटे सुटे लिहून घ्या आणि प्रत्येकासमोर ‘मी’ की ‘खरेदीदार’ ते लिहा. बार्जच्या ओळीत ‘कमी पाण्याचा अधिभार’ दिसला तर चकित होऊ नका. तिकडच्या उन्हाळ्यात राइनचे पाणी उतरते, २०१८ आणि २०२२ मध्ये ते फारच उतरले होते. तेव्हा बार्ज अर्धामुर्धाच भरतात आणि फरक मालवाल्याकडून घेतात. जुलै-ऑगस्टच्या खेपेला रेल्वेचाही भाव मागवून ठेवा.

ट्रेलरचे भाडे नव्यांना नेहमी जास्त वाटते. त्याचे कारण साधे आहे: रिकामा कंटेनर बहुधा उरण-शेव्याकडच्या यार्डातून उचलून नाशिकला आणावा लागतो आणि भरून परत न्यावा लागतो. एका बाजूचे अंतर सुमारे २०० किलोमीटर, पैसे दोन्ही बाजूंचे.

पायरी सहावी: पॅकिंग आणि भरणे

कंटेनर दारात आला की आधी आत जा आणि दरवाजे बाहेरून लावून घ्यायला सांगा. अंधारात कुठूनही उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाणी येणार. कंटेनर परत पाठवा. गाडी थांबलीय, ड्रायव्हर घाई करतोय, म्हणून हा तपास सोडू नका. तळ ओला नाही, वास नाही, दरवाज्याचे रबर फाटलेले नाही, हे पाहा आणि फोटो काढा. रिकामा, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला, दरवाजा लावलेला आणि सील क्रमांक वाचता येईल असा: एवढे फोटो वेळेसह हवेत. नुकसान भरपाईच्या वेळी लांबलचक पत्रापेक्षा हे फोटो जास्त उपयोगी पडतात.

लाकडी पॅलेट किंवा खोके वापरत असाल तर त्यावर आयपीपीसीचा शिक्का हवाच. आयएसपीएम १५ नियमाप्रमाणे, उष्णतेची प्रक्रिया केली असेल तर, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटे दिलेले असावे लागते. शिक्का नसलेले एक पॅलेट सापडले तरी अख्खी खेप अडू शकते. प्लायवूडला ही अट नाही. वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडलेली जुनी पॅलेट वापरून पैसे वाचवायचा मोह इथे महाग पडतो.

जड माल एका टोकाला रचू नका, वजन लांबीभर सारखे पसरवा. मोकळी जागा एअर बॅगने किंवा लाकडी ठोकळ्यांनी भरा, पट्ट्यांनी बांधा. समुद्रात कंटेनर आठवडेच्या आठवडे डोलतो. स्टीलला गंज ही खरी भीती: भागांना तेल, गंजरोधक पिशव्या आणि कंटेनरमध्ये ओल शोषणाऱ्या पट्ट्या, तिन्ही हवे. नाशिकची हवा आत बंद होते, विषुववृत्ताजवळ तापते आणि युरोपच्या थंडीत छताला घाम फुटतो.

भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन, व्हीजीएम, १ जुलै २०१६ पासून जगभर बंधनकारक आहे. ते दिल्याशिवाय जहाजावर चढवत नाहीत. काट्याची पावती जपा, आणि पॅकिंग लिस्टमधल्या वजनाशी ती जुळते का ते त्याच दिवशी पाहा.

द्राक्षवाल्यांसाठी इथे थोडे जास्त. रीफर, म्हणजे थंड हवेचा कंटेनर, माल थंड करत नाही. थंड केलेला माल थंड ठेवतो. बागेतली ऊब प्रीकूलिंगमध्येच काढून, शून्य अंशाच्या आसपास आलेले द्राक्ष भरा. आतली तांबडी रेघ ओलांडून पेट्या रचू नका, कारण थंड हवा खालून येऊन वरून परत जाते आणि तिची वाट बंद झाली की मागच्या रांगा तापतात. नाशिक ते शेवा या पल्ल्यात ट्रेलरवर जनरेटर चालू आहे ना, त्यात डिझेल पुरेसे आहे ना, हे ड्रायव्हरसमोर तपासा. आत तापमान नोंदवणारा लॉगर टाका आणि तो कोणत्या पॅलेटवर ठेवला ते खरेदीदाराला कळवा. कांदा याच्या उलट: त्याला खेळती हवा लागते, म्हणून हवा बदलणाऱ्या झडपा उघड्या किती ठेवायच्या हे बुकिंगमध्येच लिहून द्या.

पायरी सातवी: दिवस उलटे मोजा

जहाज सुटण्याच्या तारखेवरून मागे या. समजा जहाज शनिवारी आहे. टर्मिनलचे गेट त्याआधी बंद होते. ती वेळ लाइन देते आणि ती बदलतही राहते. बीएलचा मजकूर देण्याची मुदत त्याहून आधीची. युरोपला जाणाऱ्या मालाची माहिती तर जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी तिकडच्या कस्टम्सला द्यावी लागते, त्यामुळे खरेदीदाराचा ईओआरआय क्रमांक (युरोपच्या कस्टम्समधली त्याची नोंदणी) आणि एचएस कोड आधीच हाताशी हवा. हे सगळे धरले तर गाडी बुधवारी अंबडहून निघायला हवी, भरणे मंगळवारी आणि रिकामा कंटेनर सोमवारी उचललेला.

पूर्ण कंटेनर असेल तर कारखान्यातच भरा आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक सील लावा. त्याची कस्टम्सची परवानगी एकदा घेऊन ठेवायची असते. सीएचए शिपिंग बिल आइसगेटवर भरतो, बीजक आणि पॅकिंग लिस्ट ई-संचित या कस्टम्सच्या कागदपत्र प्रणालीवर चढवतो. ट्रेलर शेव्याच्या सामायिक पार्किंग प्लाझात थांबतो, कागद पाहिले जातात, लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल बाहेर पाठवायची कस्टम्सची परवानगी, मिळते आणि मग टर्मिनलचे गेट. बीजक, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल आणि सील यांतला एखादा अंक जुळला नाही तर गाडी तिथेच उभी राहते. वाटेत गाडी बिघडून बदलली तर ई-वे बिलाचा भाग ‘ब’ नव्या क्रमांकाने भरायला ड्रायव्हर फोन करेल. रात्री तो फोन उचलणारे कोणी असू द्या.

रस्त्याचे म्हणाल तर आता दोन पर्याय आहेत. जुना मुंबई-आग्रा महामार्ग कसारा घाटातून, आणि ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडल्यापासून बोगद्यांतून. समृद्धीवर टोल जास्त पडतो, पण पावसाळ्यात घाटातल्या कोंडीत टर्मिनलच्या गेटची वेळ चुकवण्यापेक्षा तो परवडतो. पुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी दोन्हीकडून तीच, म्हणून गाडी तिथे कोणत्या वेळी पोचेल ते आधी ठरवा. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत. २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर या तारखांच्या आसपास नाशिकमधून जड वाहन काढायची योजना करू नका.

पायरी आठवी: बीएलचा मसुदा

लाइन किंवा फॉरवर्डर आधी मसुदा पाठवतो. तो व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून पास करण्याची वस्तू नाही. छापील काढा आणि पेन घेऊन बसा.

सर्वात आधी दोन चौकटी पाहा: ‘उतरवण्याचे बंदर’ आणि ‘सुपूर्दगीचे ठिकाण’. पहिल्यात रॉटरडॅम आणि दुसरी रिकामी असेल, तर लाइनची जबाबदारी रॉटरडॅमलाच संपली. दुसरीत ड्युइसबुर्ग असेल तर ती आतपर्यंत पोचवणार. तुम्ही भाडे ड्युइसबुर्गचे भरले आणि चौकट रिकामी राहिली, असे घडते, आणि ते कळते खरेदीदाराचा त्रासिक फोन आल्यावर.

मग माल कोणाच्या नावे आहे ते पाहा. पैसे आधीच आलेले असतील तर खरेदीदाराचे नाव चालेल. पैसे यायचे असतील तर ‘टू ऑर्डर’ किंवा बँकेच्या नावे घ्या, कारण मूळ बीएल हाती असेल त्यालाच माल मिळतो. मूळ प्रती सहसा तीन निघतात आणि त्यांतली कोणतीही एक दाखवून माल सुटू शकतो, म्हणून एकही प्रत इकडेतिकडे जाऊ देऊ नका. ‘टेलेक्स रिलीज करून द्या’, म्हणजे मूळ बीएलशिवाय माल सोडा, अशी गोड विनंती पहिल्याच व्यवहारात आली तर पैसे खात्यात दिसल्यावरच करा. फॉरवर्डरने दिलेले हाऊस बीएल असेल तर ड्युइसबुर्गला त्याचा एजंट कोण, त्याचे नाव आणि पत्ता कागदावर आहे का, तेही पाहा.

लेटर ऑफ क्रेडिट (एलसी), म्हणजे कागद बरोबर असतील तर पैसे देण्याची बँकेची हमी, असेल तर बँक शब्द न् शब्द तपासते. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, एलसीत दुसरी मुदत दिली नसेल तर, माल चढल्यापासून २१ दिवसांत आणि एलसी संपण्याआधी कागद बँकेत पोचायला हवेत. एलसीत मालाचे वर्णन जसे आहे तसेच बीजकावर उतरवा, त्यातल्या स्पेलिंगच्या चुकीसकट.

पायरी नववी: विमा

मालाच्या सीआयएफ किमतीच्या (माल, विमा आणि भाडे मिळून) ११० टक्के रकमेचा, ‘ए’ कलमांचा, म्हणजे सर्वात व्यापक संरक्षणाचा, गोदाम ते गोदाम विमा घ्या. सीआयएफ अटीत विक्रेत्यावर फक्त ‘सी’ कलमांची, म्हणजे किमान संरक्षणाची, सक्ती आहे आणि त्यात चोरी, ओल यांसारखे रोजचे धोके येत नाहीत. प्रीमियममधला फरक मालाच्या मानाने किरकोळ असतो.

विमा हवाच, यासाठी एक घटना पुरे. २३ मार्च २०२१ ला एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि २९ तारखेला सुटले. मालकाने ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर केले, म्हणजे जहाज वाचवण्याचा खर्च त्यावरच्या सगळ्या मालवाल्यांनी वाटून घ्यायचा. ज्यांचा माल सुखरूप होता त्यांनाही हमी दिल्याशिवाय तो मिळणार नव्हता. विमा असलेल्यांची हमी विमा कंपनी देते. नसलेल्यांना रोख भरावे लागते.

खरेदीदाराने पैसे बुडवले तर हा विमा कामाचा नाही. त्यासाठी ईसीजीसी आहे, सरकारची १९५७ पासूनची निर्यात पत हमी संस्था. ड्युइसबुर्गच्या खरेदीदाराला उधारी देणार असाल तर माल भरण्याआधी तिथून त्याची मर्यादा मंजूर करून घ्या.

पायरी दहावी: माल पोचताना आणि पोचल्यावर

जहाज सुटले की कागदांच्या प्रती खरेदीदाराला त्याच दिवशी पाठवा. तिकडे माल बंदरात पडून राहिला तर डेमरेज लागते आणि बाहेर नेलेला कंटेनर वेळेत रिकामा परत केला नाही तर डिटेन्शन. दोन्हींना मोफत दिवस असतात आणि ते बुकिंगच्या वेळी वाढवून मागता येतात. नंतर मागितले तर कोणी ऐकत नाही. खरेदीदाराने माल सोडवला नाही, तर लाइन बीएलवरच्या पाठवणाऱ्याकडे, म्हणजे तुमच्याकडे, वळू शकते.

कंटेनर उघडताना खरेदीदाराला आधी सील क्रमांकाचा फोटो काढायला सांगा. खोका फुटलेला, ओला दिसला तर पोच पावतीवर तिथेच शेरा मारायचा. कोरी सही केली की पुढची बाजू कमकुवत होते. वरून न दिसणारे नुकसान १९९३ च्या कायद्याप्रमाणे माल मिळाल्यापासून सलग ६ दिवसांच्या आत लेखी कळवायचे असते आणि एमटीओविरुद्धचा दावा ९ महिन्यांच्या आत लावायचा असतो. विमा कंपनीला मात्र त्याच दिवशी कळवा.

पैसे आले की बँकेत त्या शिपिंग बिलाशी त्यांची जोडणी करून घ्या. रक्कम खात्यात दिसली म्हणून काम संपत नाही. निर्यातीच्या पैशांवर लक्ष ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस प्रणालीत ते बिल उघडेच राहिले तर पुढच्या खेपेला अडचण येते. मग डीजीएफटीवर ई-बीआरसी, म्हणजे पैसे मिळाल्याचा दाखला, तयार करा. ड्रॉबॅक आणि रोडटेप या योजनांतले करांचे परतावे शिपिंग बिल भरतानाच मागितलेले असावे लागतात, म्हणून ती ओळ सीएचएने टाकली आहे का ते गाडी निघण्याआधीच विचारा.